अणुअपघातातला डोस काढणारं सॉफ्टवेअर: पहिल्यांदा हाताळणाऱ्यांसाठी

अणुअपघाताच्या माझ्या पहिल्या सरावात मी अर्ध्या तासाच्या आत डोसचा, म्हणजे लोकांच्या शरीराला किती किरणोत्सार बसेल त्याचा, निकाल टेबलावर ठेवला होता. नकाशावर झकास रंगीत पट्टा, खाली तक्ता, दशांशचिन्हानंतर तीन-तीन आकडे. वरिष्ठांनी कागद उचलला, आकड्यांकडे बघितलंसुद्धा नाही. "वारा ईशान्येला चाललाय ना? मग तुझा लोट नैर्ऋत्येला कसा?" लोट म्हणजे भट्टीतून सुटून वाऱ्याबरोबर वाहणारा किरणोत्सारी ढग.

झालं असं होतं की फोनवरून मला कळलं, "वारा ईशान्येला जातोय." मी वाऱ्याच्या रकान्यात ४५ अंश, म्हणजे ईशान्य, टाकून मोकळा झालो. पण हवामानशास्त्रात वाऱ्याची दिशा म्हणजे तो कुठून येतो ती. सॉफ्टवेअरने इमानदारीत ईशान्येकडून वारा आणला आणि लोट बरोबर उलट्या बाजूला सोडला. खरा प्रसंग असता तर ज्यांना हलवायचं ते घरीच राहिले असते आणि ज्यांना काही धोका नव्हता ते रस्त्यावर आले असते. सॉफ्टवेअरने एकही इशारा दिला नाही. देणार तरी कसा? त्याच्या दृष्टीने ४५ हा अगदी वैध आकडा होता.

त्यानंतर बरेच सराव झाले. जे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, ते इथे क्रमाने लिहितोय. उदाहरणं मुख्यतः रास्कल या सॉफ्टवेअरची आहेत, कारण माझा हात त्यावर बसलाय. पण क्रम कुठल्याही साधनाला लागू पडतो.

१. आधी प्रश्न ठरवा, मग सॉफ्टवेअर उघडा

"डोस काढून द्या" हा प्रश्नच नाही. पुढच्या दोन तासांत कुणाला हलवायचं, हा एक प्रश्न. काल पडलेल्या धुळीवर लोकांनी वर्षभर राहावं का, हा दुसरा. नवा प्रकल्प उभारताना सगळ्या शक्य अपघातांचा सरासरी परिणाम किती, हा तिसरा. प्रत्येकाचं साधन वेगळं.

रास्कल हे अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाचं. अपघात चालू असताना, माहिती अर्धवट असताना, झटपट अंदाज काढण्यासाठी बनवलेलं. हॉटस्पॉट हे लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेचं. साधं आणि चपळ, पण थोड्या अंतरासाठी आणि थोड्या वेळाच्या गळतीसाठी. जे-रोडोस जर्मनीतल्या कार्ल्सरूह इथल्या संस्थेत वाढलं. हवामानाचे मोठे अंदाज घेऊन दूरवरचं चित्र काढतं, पण बसवायला आणि शिकायला वेळ खातं. मॅक्स हे शक्याशक्यतेच्या अभ्यासासाठी, म्हणजे वरच्या तिसऱ्या प्रश्नासाठी. अपघाताच्या रात्री ते उघडून बसू नका.

रास्कल नोंदणी आणि करार केल्याशिवाय मिळत नाही, त्यात दिवस जातात. शिकायला सुरुवात आज करायची असेल तर हॉटस्पॉट घ्या.

एक सावधगिरी. रास्कलची मूळ रचना अमेरिकेतल्या हलक्या पाण्याच्या अणुभट्ट्यांसाठी आहे. जड पाण्याच्या भट्टीला "जवळपास तसलीच एखादी" निवडून पुढे गेलात, तर इंधनातला किरणोत्सारी साठा आणि कंटेनमेंटची (भट्टीभोवतीच्या बंदिस्त इमारतीची) वागणूक दोन्ही परकी येतात. अशा वेळी कुठलं किरणोत्सारी द्रव्य किती सुटलं याची यादी स्वतः भरायचा पर्याय वापरा.

२. हाताशी काय हवं

संगणक चालू करण्याआधी कागदावर हे असू द्या:

- अणुभट्टीचा प्रकार, औष्णिक शक्ती (विजेची नव्हे) आणि इंधन किती जळालंय
- भट्टी बंद पडल्याची वेळ
- गाभ्यावरचं (भट्टीतल्या इंधनाच्या भागावरचं) पाणी कधी उतरलं, परत आलं का
- कंटेनमेंटमधल्या किरणमापकाचं वाचन, चिमणीतल्या मापकाचं वाचन, दोन्ही वेळेसकट
- कंटेनमेंटमधले पाण्याचे फवारे आणि हवेच्या गाळण्या चालू आहेत की बंद
- वाऱ्याचा वेग, दिशा, मोजल्याची उंची; ढग, पाऊस
- तुमच्या देशाचे हस्तक्षेपाचे निकष (किती डोसला लोकांना हलवायचं, गोळी द्यायची वगैरे), छापील
- एककांचा तक्ता: डोससाठी १ रेम म्हणजे १० मिलिसिव्हर्ट, किरणोत्सारी द्रव्य किती यासाठी १ क्युरी म्हणजे ३७ अब्ज बेकरेल
- साधा कॅल्क्युलेटर

शक्तीच्या बाबतीत कंस मुद्दाम टाकलाय. अणुकेंद्राच्या पाटीवर विजेचे मेगावॉट असतात आणि औष्णिक शक्ती त्याच्या साधारण तिप्पट असते. पाटीवरचा आकडा उचललात तर गाभ्यातला साठा तिथेच एक तृतीयांश होतो आणि पुढचं सगळं बरोबर करूनही उत्तर चुकतं.

३. वेळेची रेघ मारा

एक आडवी रेघ. तिच्यावर चार खुणा: भट्टी बंद, गाभा उघडा, गळती सुरू, गळती बंद. सगळ्या वेळा एकाच घड्याळाच्या. नियंत्रण कक्षाचं घड्याळ स्थानिक वेळ दाखवतं आणि हवामानाची फाईल बऱ्याचदा ग्रीनविचची. हा घोळ मी दोनदा घातलाय.

भट्टी बंद आणि गळती सुरू यांच्यातलं अंतर का महत्त्वाचं? क्रिप्टॉन-८८ चं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा वेळ) तीन तासांहूनही कमी. आयोडीन-१३३ चं सुमारे २१ तास, आयोडीन-१३१ चं आठ दिवस, सीझियम-१३७ चं ३० वर्षं. गळती बारा तास लांबली तर लोटातला बराचसा अल्पायुषी भाग वाटेतच संपतो. बंद पडल्याची वेळ आणि गळतीची वेळ एकच टाकलीत, तर तुम्ही तो भाग फुकट लोकांच्या अंगावर टाकता.

४. सोर्स टर्म: खरी मेहनत इथेच

काय सुटलं, किती सुटलं, किती वेळात सुटलं याला सोर्स टर्म म्हणतात. रास्कलच्या मुख्य पडद्यावर बटणं ओळीने आहेत: घटनेचा प्रकार, ठिकाण, सोर्स टर्म, सुटण्याचा मार्ग, हवामान आणि शेवटी गणना. नवखा माणूस पहिल्या पाच मिनिटांत शेवटच्या बटणापर्यंत पोचतो. तिसऱ्यावर बसा.

पर्याय अनेक आहेत, पण त्यांच्या मागे दोनच विचार. एक, भट्टीच्या आतल्या अवस्थेवरून अंदाज: गाभा किती वेळ उघडा होता किंवा कंटेनमेंटमधला मापक काय म्हणतो. दोन, बाहेर जाणारं थेट मोजणं: चिमणीतलं प्रमाण गुणिले प्रवाह.

गाभा उघडा पडल्याच्या वेळेवरून काढताना पायाशी असतात ती अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाच्या १९९५ च्या न्यूरेग-१४६५ अहवालासारखी कोष्टकं. दाबित पाण्याच्या भट्टीसाठी त्यात ढोबळ चित्र असं आहे: पहिल्या अर्ध्या तासात इंधननळ्या फुटतात आणि गाभ्यातल्या आयोडीनपैकी ५ टक्के बाहेर येतं. पुढच्या १.३ तासात इंधन वितळतं आणि आणखी ३५ टक्के. गाभ्याचं पोलादी भांडं फुटून वितळलेला माल खाली काँक्रीटवर पडला तर त्यापुढे आणखी २५ टक्के. हे सगळं कंटेनमेंटच्या आत. बाहेर किती येतं हा पुढचा प्रश्न.

आता सापळा बघा. "गाभ्यावर पाणी परत आलं का?" असा एक रकाना असतो. तो "नाही" वर राहिला तर सॉफ्टवेअर गाभा वितळवतच राहतं. प्रत्यक्षात चाळीस मिनिटांत पंप चालू झाला असेल तरी तुमच्या पडद्यावर भांड्याला भोक पडतं. दर वेळी नियंत्रण कक्षाला विचारा आणि उत्तर मिळालं त्या वेळेसकट लिहा.

दुसरा सापळा जास्त लबाड आहे. कंटेनमेंटचा मापक शांत, म्हणून सगळं ठीक, असं वाटतं. पण बाष्पजनित्राची (भट्टीच्या उष्णतेने वाफ बनवणाऱ्या यंत्राची) नळी फुटली असेल तर गाभ्यातून फिरणारं प्राथमिक पाणी कंटेनमेंटला बगल देऊन वाफेच्या वाटेने थेट बाहेर जातं. मापक शांत राहणारच, कारण माल त्याच्या समोरून गेलेलाच नाही. मापकावरून सोर्स टर्म काढायचा पर्याय या अपघातात निरुपयोगी.

आणि काहीच माहीत नसेल तर? तेव्हा ज्याला अवास्तव म्हणता येणार नाही असा सर्वांत वाईट आणि त्यातल्या त्यात शक्य, असे दोन रन, म्हणजे सॉफ्टवेअरच्या दोन गणना, मारा आणि दोन्ही दाखवा. एकच आकडा दिलात की ऐकणारा त्याला मोजलेला आकडा समजतो.

५. सुटण्याचा मार्ग

हा भाग छोटा आहे, पण डोस दहापट-शंभरपट हलवतो. कंटेनमेंटची गळती दिवसाला ०.१ टक्का धरायची की १०० टक्के, हे तुम्ही एका रकान्यात ठरवता. फवारे आणि गाळण्या आयोडीन-सीझियम मोठ्या प्रमाणात पकडतात. झेनॉन आणि क्रिप्टॉनसारखे निष्क्रिय वायू मात्र कुणालाच जुमानत नाहीत. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुकेंद्रात १९७९ मध्ये गाभ्याचा मोठा भाग वितळला, तरी बाहेर आले ते प्रामुख्याने निष्क्रिय वायू; आयोडीन पाण्यात आणि इमारतीतच अडकलं. म्हणून "गाभा वितळला" एवढ्या बातमीवरून बाहेरचा डोस सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

६. हवामान

दिशेचं वर सांगितलंच. मी आता रकान्यात आकडा टाकण्याआधी मोठ्याने म्हणतो, "पश्चिमेचा वारा, पश्चिमेकडून." भाषेलाही ते माहीत आहे, गडबडतो तो फोनवरचा माणूस.

दुसरी गोष्ट स्थिरता वर्ग, म्हणजे हवा किती ढवळली जातेय त्याची प्रतवारी. भर उन्हातली खळबळती हवा म्हणजे ए, ढगाळ किंवा वाऱ्याची हवा म्हणजे डी, निरभ्र शांत रात्र म्हणजे एफ. एफमध्ये लोट पसरत नाही, दोरीसारखा बारीक राहतो. जमिनीलगत सुटलेल्या मालासाठी १ किलोमीटरवर, तेवढ्याच वाऱ्याला, डीच्या जागी एफ टाकलात की मध्यरेषेवरचा डोस साडेचार-पाच पट होतो.

पाऊस असेल तर तो न चुकता टाका. १५ मार्च २०११ ला फुकुशिमाहून निघालेला लोट वायव्येला वळला आणि पाऊस-बर्फाने खाली बसला. इताते हे गाव २० किलोमीटरच्या रिकाम्या केलेल्या वर्तुळाच्या बाहेर, सुमारे ४० किलोमीटरवर. तरी ते शेवटी रिकामं करावं लागलं. वर्तुळं माणसं आखतात, लोट कधीच गोल नसतो.

डोंगरदऱ्या आणि किनारा इथे सरळ रेषेत जाणारा, गॉसच्या सूत्रातला लोट फसतो. जवळच्या अंतरावर रास्कल तसा सरळ लोट धरतं आणि लांबवर लोटाचे तुकडे पाडून ते बदलत्या वाऱ्याबरोबर सरकवतं. पण एकाच ठिकाणचा वारा दिलात तर तुकडेही सरळच जाणार. जितकी हवामान केंद्रं उपलब्ध, तितकी भरा.

७. रन मारण्याआधी पाठीमागच्या कागदावर हिशोब

हे कुणी शिकवत नाही, आणि मला यानेच सर्वांत जास्त वाचवलंय. एक नमुना:

समजा १ टेराबेकरेल, म्हणजे एकावर बारा शून्यं इतकं आयोडीन-१३१ जमिनीलगत सुटलं. डी वर्ग, वारा सेकंदाला २ मीटर, अंतर १ किलोमीटर. तिथे लोटाची पसरण आडवी सुमारे ७० मीटर, उभी सुमारे ३२. पाय (३.१४) गुणिले ७० गुणिले ३२ गुणिले २, म्हणजे साधारण १४,०००. १ टेराबेकरेलला त्याने भागा: दर घनमीटरमागे सुमारे ७ कोटी बेकरेल-सेकंद. मोठा माणूस तासाला १.२ घनमीटर हवा ओढतो, म्हणजे त्याच्या छातीत साधारण २४,००० बेकरेल गेले. सूक्ष्म कणांच्या रूपातल्या आयोडीनसाठी थायरॉइडचा गुणक दर बेकरेलला ०.१५ मायक्रोसिव्हर्ट. उत्तर: थायरॉइडला सुमारे साडेतीन मिलिसिव्हर्ट. पूर्ण शरीराचा परिणामी डोस त्याच्या विसावा हिस्सा, ०.१८ मिलिसिव्हर्टच्या आसपास.

सॉफ्टवेअरने इथे २ किंवा ७ दाखवलं तर हरकत नाही. ३५० दाखवलं तर कुठेतरी एकक चुकलंय: मिली आणि मायक्रो, रेम आणि सिव्हर्ट, तास आणि सेकंद. शोधा. सापडेपर्यंत कुणाला फोन करू नका.

८. तक्ता कसा वाचायचा

रास्कलच्या निकालात प्रत्येक अंतरावरचा कमाल डोस येतो. अमेरिकन निकषाच्या वर गेलेल्या आकड्यांखाली रेघ असते. आणि काही घरांत नुसत्या तीन चांदण्या दिसतात. पहिल्यांदा मला वाटलं प्रोग्रॅम बिघडला. त्यांचा अर्थ इतकाच की तो आकडा १ मिलिरेमपेक्षा कमी आहे.

एकूण परिणामी डोसमध्ये तीन गोष्टी असतात: डोक्यावरून जाणाऱ्या लोटाचा मारा, श्वासातून गेलेला माल आणि जमिनीवर बसलेल्या धुळीचा चार दिवसांचा मारा. खाण्यापिण्यातून जाणारा डोस यात नाही. तो विसरू नका: १९५७ च्या, ब्रिटनमधल्या विंडस्केल अणुकेंद्राच्या आगीनंतर मुख्य चिंता दुधातल्या आयोडीनची होती आणि आसपासचं दूध ओतून द्यावं लागलं.

हा आकडा चार भिंतींचा आडोसा न घेता, काहीच उपाय न करता उघड्यावर राहिलेल्या माणसाचा आहे. लोकांना प्रत्यक्षात मिळालेला डोस तो नव्हे. निर्णयासाठी तो तसाच हवा, पण बातमीत "लोकांना इतका डोस मिळाला" म्हणून गेला तर अनर्थ.

निकष तुमच्या देशाचे वापरा. तुलनेसाठी: अमेरिकेत चार दिवसांत १ ते ५ रेमचा अंदाज आला तर हलवणं किंवा घरात थांबवणं याचा विचार होतो आणि मुलांच्या थायरॉइडला ५ रेमचा अंदाज आला की आयोडीनच्या गोळीचा. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे आकडे पहिल्या सात दिवसांचे आहेत: थायरॉइडला ५० मिलिसिव्हर्ट झाले तर गोळी, परिणामी डोस १०० मिलिसिव्हर्ट झाला तर स्थलांतर किंवा आसरा. चार दिवसांचा डोस सात दिवसांच्या निकषाशी जोडू नका. दिसायला फालतू चूक आहे. सरावात दर वेळी कुणीतरी करतंच.

९. मैदानातल्या वाचनाशी ताडून बघा, पण डोळे उघडे ठेवून

मोजणारी गाडी बाहेर पडली की तुमच्या अंदाजाची परीक्षा सुरू. प्रत्येक वाचनाबरोबर चार गोष्टी मागा: जागा, उंची, वेळ, एकक. यातली एक नसेल तर वाचन बाजूला ठेवा.

का, ते थ्री माइल आयलंडला दिसलं. ३० मार्च १९७९ च्या सकाळी हेलिकॉप्टरमधून चिमणीच्या थेट वर ताशी १,२०० मिलिरेम मोजले गेले. त्याच सुमारास अणुनियामक आयोगाच्या दूरच्या मुख्यालयात कुणीतरी गृहीत धरलेल्या गळतीवरून जमिनीवरचा डोस काढला होता. तोही १,२००! दोन आकडे जुळले, सगळ्यांना वाटलं अंदाज खरा ठरला, आणि लोकांना हलवण्याची शिफारस निघाली. एक आकडा चिमणीच्या तोंडाशी मोजलेला, दुसरा माणसांच्या वस्तीतला, तोही गृहीतकावरचा. पुढे गव्हर्नरांनी ५ मैलांच्या आतल्या गर्भवती स्त्रियांना आणि लहान मुलांना बाहेर जायला सांगितलं. आसपासच्या सुमारे २० लाख लोकांना सरासरी डोस मिळाला तो १ मिलिरेमच्या घरातला.

आकडे न जुळणं मला आता तितकं घाबरवत नाही. पहिल्याच फटक्यात तंतोतंत जुळले की मी दोन्हींची जन्मपत्रिका मागतो.

वाचन अंदाजापेक्षा खूप कमी आलं तर लगेच सोर्स टर्म कापू नका. गाडी लोटाच्या मध्यरेषेवर होती का, हे आधी विचारा. रात्रीच्या बारीक लोटात काहीशे मीटर बाजूला उभं राहिलं तरी मापक गप्प बसतो.

१०. निकाल सांगताना

फुकुशिमात जपानकडे लोट कुठे जाईल याचा अंदाज काढणारी स्पीडी नावाची यंत्रणा होती. वीज गेल्यामुळे भट्टीतून गळतीचे आकडे येईनात, म्हणून एकक गळती, म्हणजे सुटलेला माल नुसता 'एक' धरून रन मारले जात होते: किती ते माहीत नाही, पण कुठे जातंय ते दिसत होतं. तो नकाशा वेळेत लोकांपर्यंत पोचला नाही. नामिए गावातले बरेच लोक त्सुशिमा भागात गेले, म्हणजे लोटाच्याच दिशेने. म्हणून माझा आग्रह: सोर्स टर्म ठरायची वाट बघत बसू नका. एकक गळतीचा रन पहिल्या दहा मिनिटांत काढा आणि "ही फक्त दिशा आहे" असं वर ठळक लिहून पुढे द्या.

उलट बाजूही आहे. १६ मार्च २०११ ला अमेरिकेने जपानमधल्या आपल्या नागरिकांना ५० मैल दूर राहायला सांगितलं. त्यामागे रास्कलचे रन होते आणि त्या रनमागे भट्ट्यांच्या अवस्थेबद्दलची गृहीतकं. निर्णय योग्य की अति, यावर वाद घालता येतो, पण गृहीतकं लिहून ठेवलेली होती म्हणूनच तो घालता येतो. तेव्हा आकड्याच्या शेजारीच एक ओळ लिहा: कुठला सोर्स टर्म, कुठला वारा, किती वाजताचा. दशांशानंतरचे आकडे खोडा. "सुमारे ३० मिलिसिव्हर्ट, दहापट इकडेतिकडे होऊ शकतं" हे "२९.४७३" पेक्षा जास्त खरं आहे.

वारा फिरला, पंप चालू झाला, नवं वाचन आलं, की नवा रन. जुना पुसायचा नाही. फाईलच्या नावात तारीख, वेळ आणि सोर्स टर्मचा प्रकार टाका. माझ्या जुन्या फोल्डरमध्ये एका सरावाच्या तीन फायली अजून आहेत: "फायनल", "फायनल २" आणि "हेच फायनल". त्यातली कुठली वर पाठवली होती, ते मला आजही सांगता येत नाही.